शिफ्ट न म्हणता

सिस्टरच्या तोंडात एक शब्द इतका मुरला होता की तो तिथे आहे हे तिचं तिलाही जाणवत नसे. सकाळी घरातून निघताना ती सासूबाईंना सांगायची, "आज पहिली शिफ्ट आहे, दोनला सुटेन." हॉस्पिटलात पाऊल ठेवलं की, "तीन नंबरला शिफ्ट करायचंय, फाइल तयार आहे का?" मधेच नवऱ्याचा फोन आला की, "शिफ्टिंगचं संध्याकाळी बोलू, आत्ता गडबड आहे." आणि वॉर्डातल्या म्हाताऱ्या संगणकाचं एक बटण अडकायचं, तेव्हा, "मावशी, जरा ते शिफ्ट दाबून धरा हो," अशी हाक जायची. मग मावशी पोछा भिंतीला टेकवून यायच्या आणि एका बोटाने ते बटण असं दाबून धरायच्या, जणू सोडलं तर बॉम्ब फुटेल.

हाडांच्या त्या वॉर्डात परिचारिका बऱ्याच होत्या, पण नुसतं 'सिस्टर' म्हटलं की ते हिलाच. कामाला वाघीण, बोलायला भरभरून, आणि पेशंटने औषध घ्यायला का-कू केलं की तिच्या कपाळावर एक आठी पडायची. ती आठी पाहून भलेभले गोळी गिळत.

एकच माणूस त्या आठीला बधत नव्हता. रेडिओ आजोबा.

आजोबा ऐंशीला टेकलेले. उभं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचण्यात गेलेलं. आवाज अजून असा, की त्यांनी नुसतं "सिस्टर, पाणी देता का?" म्हटलं तरी शेजारच्या खाटेवरचा माणूस कान टवकारायचा, वाटायचं, पुढे हवामानाचा अंदाज येतोय. बायको गेल्यापासून ते दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात एकटेच राहत. मुलगा-सून गावातच, पण दुसऱ्या टोकाला. दिवा बदलायला म्हणून आजोबा स्टुलावर चढले, स्टूल एकीकडे गेलं आणि आजोबा दुसरीकडे. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, सगळं छान झालं. आता वॉकर धरून उभं राहायचं, चार पावलं टाकायची, एवढंच उरलं होतं. आणि नेमकं तेवढंच ते करत नव्हते.

"मला दोन पायांची सवय आहे," ते वॉकरकडे बघून म्हणायचे. "हे चार पायांचं प्रकरण मला या वयात जमायचं नाही."

व्यायाम घेणाऱ्या बाई येऊन, विनवून, थकून जायच्या. डॉक्टर समजावायचे. आजोबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि उशीला टेकून पेपर उघडायचे.

त्या दिवशी सिस्टर त्यांचं ब्लडप्रेशर बघताना म्हणाली, "आजोबा, उद्या तुम्हाला खाली शिफ्ट करायचंय हं."

आजोबांनी पेपर खाली केला. "मी काय कपाट आहे?"

"अहो, सगळ्यांनाच करतात. ऑपरेशननंतर थोडे दिवस वर, मग तळमजल्यावर शिफ्ट."

"कपाटाचंही तसंच असतं. त्याला कुणी विचारत नाही." आजोबांनी चष्मा काढला. "तुमची कामाची वेळ काय, सिस्टर?"

"माझी शिफ्ट दोनला संपते."

"म्हणजे तुमच्या शिफ्टमध्ये मला शिफ्ट करणार. आणि मघाशी फोनवर काय शिफ्ट करत होतात?"

"घर. आम्ही घर शिफ्ट करतोय ना."

"घर जागचं हलत नाही हो. माणसं हलतात."

शेजारी फरशी पुसणाऱ्या मावशी फिस्सकन हसल्या. सिस्टरने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण तिलाही हसू येतच होतं. "मग काय म्हणायचं ते सांगा की तुम्ही. आम्हाला कुठे इतकं शुद्ध येतं!"

"शुद्धबिद्ध नाही. मी म्हणतो, एका शब्दावर किती ओझी टाकायची त्याला काही मर्यादा? खाट, माणूस, नोकरी, घर, ते बटण, सगळ्याला आपलं एकच." आजोबा जरा पुढे झुकले. डोळ्यांत खोडकर चमक होती. "उद्याचा दिवस तो शब्द न उच्चारता काढून दाखवा. दाखवलात, तर मी वॉकर धरीन. मुकाट्याने. दारापर्यंत जाऊन येईन."

सिस्टरची आठी नाहीशी झाली. "वचन?"

"रेडिओवर सांगितल्यासारखं समजा."

"आणि पंच?"

"मी!" मावशी पोछ्यासकट उभ्या राहिल्या. "मी बघते. कानात तेल घालून बसते."

सिस्टरला वाटलं, एका शब्दाचं ते काय. घरी जाऊन थोडा सराव केला की झालं.

घरी सराव करायला विषय तयारच होता. नवऱ्याचा छापखाना गावाच्या पार दुसऱ्या कडेला गेला होता आणि त्या बाजूला लिफ्टचं, चांगल्या उजेडाचं एक घर मिळालं होतं. महिनाभर नवरा-बायको जेवताना त्याबद्दलच बोलत. शिफ्टिंगचा ट्रक, शिफ्टिंगची खोकी, शिफ्टिंगचा मुहूर्त म्हणजे नवऱ्याची रजा. सासूबाई समोर बसून स्वेटर विणत असायच्या. काही विचारलं तर म्हणायच्या, "करा काय करायचं ते." नवऱ्याच्या मते आई तयार होती.

सिस्टरने ताटं मांडली आणि सहज आवाजात म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात आपल्याला हे घर सोडायचंय."

सासूबाईंच्या सुया थांबल्या. "सोडायचंय? कुणी सांगितलं सोडायला?"

"तसं नाही हो. म्हणजे... बिऱ्हाड हलवायचंय."

"बिऱ्हाड म्हणजे मला धरून का?"

नवऱ्याने घास हातातच ठेवला. "आई, काय तू! शिफ्टिंग गं, शिफ्टिंग. महिनाभर तेच तर चाललंय."

"शिफ्टिंग ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "ते तुझं ट्रकवाल्याशी चाललेलं असतं. हे घर सोडायचं, ते आज कळलं."

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मग भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला. भांडी सकाळीच घासून झालेली होती.

"सगळं सुरळीत चाललं होतं," नवरा हळू आवाजात म्हणाला. "तुला काय गरज होती मराठीत सांगायची?"

सिस्टरने त्याच्या ताटात भाजी वाढली. पण महिनाभर आपण या बाईसमोर बसून तिच्याच घराबद्दल बोलत होतो आणि तिने एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता, हे तिला आत्ता कुठे खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी वेळेआधीच हजर. कालच्यापेक्षा स्वच्छ गणवेश, केस चापून बसवलेले. न्यायदानाला बसायचं म्हटल्यावर माणूस जरा नीटनेटका हवा.

पहिली परीक्षा डॉक्टरांच्या राउंडलाच आली. आजोबांनी आदल्या दिवशी एक शब्द सुचवून ठेवला होता. पूर्वी कारखान्यात म्हणत, पहिली पाळी, दुसरी पाळी. सिस्टरने तो मनात घोकून ठेवला होता. डॉक्टर तरुण, नुकतेच रुजू झालेले. ते म्हणाले, "या आजोबांना आज खाली पाठवायचं ना? कधी?"

सिस्टर तडफेने म्हणाली, "डॉक्टर, माझी पाळी दोनला संपते. त्याच्या आत करून टाकते."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. त्यांचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. "हो, हो," ते म्हणाले, "तुम्हाला... जसं बरं वाटेल तसं," आणि पुढच्या खाटेकडे इतक्या वेगाने गेले की त्यांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप मागे राहतो की काय असं वाटलं. मावशींनी तोंडात चादरीचा कोपरा कोंबला. आजोबा खिडकीबाहेर एका कावळ्याकडे असे बघत होते, जणू त्याची मुलाखत घ्यायची आहे.

"आजोबा," सिस्टर दात-ओठ खाऊन म्हणाली.

"तो शब्द मी मागे घेतो," आजोबा कावळ्यावरची नजर न काढता म्हणाले. "'ड्यूटी' चालेल."

त्यानंतर मात्र सिस्टर सावध झाली. संगणकाचं बटण अडकलं तेव्हा तिने मावशींना बटणावरचा बाण नुसता बोटाने दाखवला. वरिष्ठ सिस्टरने उद्या कधी येणार असं विचारलं तेव्हा तिने "दुपारून येणार" म्हणून भागवलं. साडेदहाच्या सुमाराला आजोबांना चाकाच्या खाटेवर घेतलं, लिफ्टने खाली नेलं, खिडकीजवळची खाट मिळवून दिली, उशी सारखी केली, सूप मागवलं. जाताना आजोबा म्हणाले, "अजून बराच दिवस आहे हं, सिस्टर."

"तुम्ही चपला शोधून ठेवा," सिस्टर म्हणाली.

वर येऊन ती आजोबांच्या जुन्या खाटेवरची चादर काढत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आजोबांची सून होती.

"सिस्टर, बाबा कसे आहेत? त्यांचा फोन लागत नाहीये."

रोजचं वाक्य सिस्टरच्या जिभेवर तयार होतं. शिफ्ट केलंय, तळमजल्यावर या. पण समोर मावशी एक बोट वर करून उभ्या होत्या. सिस्टरने ते वाक्य गिळलं.

"आजोबा ना," ती म्हणाली, "आजोबा आता इथे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे हलवलं त्यांना. थोड्या वेळापूर्वीच नेलं."

पलीकडे एकदम शांतता. सिस्टरला वाटलं, सून काळजीत पडली, धीर द्यायला हवा. पेशंटच्या माणसांना धीर द्यायचं काम ती मनापासून करायची. "अहो, घाबरू नका. अगदी शांतपणे गेले. कुणाला काही त्रास नाही. जाताना माझ्याशी हसून बोललेसुद्धा."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला.

"तुम्ही सगळे या," सिस्टर पुढे म्हणाली, "आणि येताना त्यांचे स्वच्छ कपडे तेवढे घेऊन या. हॅलो? हॅलो?"

"नेटवर्क गेलं वाटतं," मावशी म्हणाल्या. "पण शब्द नाही आला बघा तोंडात. एक नंबर."

सिस्टर खूश होऊन पुढच्या कामाला लागली.

तासाभराने ती औषधांची ट्रे घेऊन वॉर्डात आली तेव्हा आजोबांच्या जुन्या खाटेभोवती माणसं उभी होती. गादी गुंडाळून ठेवलेली, लोखंडी पट्ट्या उघड्या, फिनाइलचा वास. मुलाच्या शर्टाचं पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलेलं, त्यामुळे सगळा शर्ट एका खांद्याकडे वर चढलेला. सुनेच्या हातात पिशवी, पिशवीतून आजोबांचा समारंभाचा कोट डोकावत होता. आणि मधोमध, काठी टेकून, आजोबांच्या थोरल्या बहीण, घरच्या आत्या. लिफ्टची वाट न बघता एवढे जिने चढून आलेल्या, श्वास लागलेला, तरी रडणं थांबत नव्हतं.

"नेलंच गं शेवटी माझ्या भावाला," आत्या म्हणत होत्या. "भेटलासुद्धा नाही."

"हो, नेलं," सिस्टर म्हणाली. तिला अजून काही उमगलं नव्हतं. "पण तुम्ही वर कशाला आलात? ते खाली आहेत."

मुलाने खाटेचा दांडा धरला. "खाली म्हणजे... तळघरात?"

"तळघरात कशाला? तळमजल्यावर. खिडकीजवळची खाट मिळवून दिली मी."

"खिडकीजवळची?" मुलगा म्हणाला.

"हवा येते ना. बाहेरचं दिसतं. सूप घेतलं त्यांनी, आता पेपर वाचत असतील."

आत्यांचा हुंदका अर्ध्यात थांबला आणि त्या त्या उघड्या लोखंडी खाटेवर बसल्या. सुनेने पिशवी छातीशी धरली. सिस्टरने एकेकाचे चेहरे पाहिले, कोट पाहिला, आणि मग आपण फोनवर काय काय बोललो ते तिला ओळीने आठवू लागलं. हलवलं. नेलं. शांतपणे गेले. हसून बोलले. स्वच्छ कपडे. तिने हातातली ट्रे टेबलावर ठेवली.

"अगं बाई," ती म्हणाली. "चला. आधी खाली चला."

खाली आजोबा उशांना टेकून फोनवर बोलत होते. आवाज पूर्ण रेडिओचा. आत्यांनी निघण्याआधी आणि रस्त्यात मिळून अर्ध्या गावाला कळवलं होतं, आणि आजोबांचे एक जुने सहकारी, जे अजून रेडिओवर होते, त्यांनी आजोबांच्याच नंबरवर फोन लावला होता. फोन मुलाने उचलला असं समजून ते दुपारच्या बातम्यांसाठी माहिती विचारत होते.

"वय ऐंशी लिहा," आजोबा सांगत होते. "आणि 'वृद्धापकाळाने' म्हणू नका, कानाला बरं वाटत नाही. नाही, मुलगा नाही. मी स्वतः बोलतोय. अहो, स्वतः म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारताय ते. हॅलो? ... ठेवला वाटतं." त्यांनी मान वर केली. "तुम्ही सगळे? एकदम? आणि हा कोट कशाला?"

मुलगा पुढे झाला, खाटेच्या पायथ्याशी थांबला, आणि मग त्याने खाली वाकून वडिलांच्या चांगल्या पायावर कपाळ टेकलं. तसाच राहिला. आजोबा गोंधळले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, मग मुलाच्या केसांवर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला असेल कुणास ठाऊक. हाताला सवय नव्हती हे दिसत होतं.

"काय रे, काय झालं?"

सिस्टरने सांगितलं. सांगताना ती कधी रडवेली होत होती, कधी तिला हसू फुटत होतं, आणि दोन्ही लपवायला पदर नसल्यामुळे तिने आजोबांचा पेपर तोंडासमोर धरला होता. आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट, ज्यांना मान वळवायला मनाई होती तेसुद्धा, मान वळवून ऐकत होते.

मुलगा उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि आवाज चढलेला होता. "सिस्टर, तुम्हाला साधं 'शिफ्ट केलंय' म्हणता येत नाही? सरळ सोपा शब्द आहे!"

"त्यांना ओरडू नकोस," आजोबा म्हणाले. "मीच बंदी घातली होती."

"तुम्ही? का?"

आजोबा चादरीची सुरकुती बोटाने सरळ करत राहिले. इतका वेळ सगळ्या वॉर्डाला ऐकू जाणारा आवाज खाली आला.

"परवा तू दाराबाहेर डॉक्टरांशी बोलत होतास. म्हणालास, डिस्चार्ज मिळाला की बाबांना आमच्याकडे शिफ्ट करतोय, त्यांच्या घराचं मग बघू काय ते. दार उघडं होतं."

मुलाचा चढलेला खांदा खाली आला. "बाबा, तुमच्या सोयीसाठीच म्हणालो होतो. तिथे दोन मजले, लिफ्ट नाही, तुम्ही एकटे..."

"सोय कळली मला. अक्कल शाबूत आहे, मोडलंय ते हाड. पण डॉक्टरांना सांगितलंस, बायकोला सांगितलंस, आत्यालाही सांगितलं असशील."

आत्यांनी काठीकडे पाहिलं.

"मला तेवढं राहिलं."

मुलगा स्टुलावर बसला. आपल्या शर्टाच्या चुकलेल्या बटणांशी खेळत राहिला. "मग काय म्हणायला हवं होतं मी?"

"मला काय विचारतोस? मी बातम्या वाचायचो, लिहायचे दुसरेच."

सून हसली. तिच्या हसण्याने मुलाला जरा धीर आला. तो घसा साफ करून म्हणाला, "बाबा, आमच्याकडे राहायला या."

"सांगतोयस की विचारतोयस?"

"विचारतोय. याल?"

"बघतो," आजोबा म्हणाले. पण चेहरा सैल झाला होता. "तुमच्याकडे पायऱ्या किती आहेत?"

"एकही नाही. तळमजला आहे. तुम्ही आला आहात की चांगले दहा वेळा."

"पाहुणा म्हणून आलो होतो. तेव्हा पायऱ्या कोण बघतं?"

आत्यांनी पिशवीतून फोन काढला. "आता सगळ्यांना परत कळवायला हवं. काय म्हणू रे?"

"'आहे' म्हण," आजोबा म्हणाले. "आणि कारण सांगत बसू नकोस."

सिस्टरला अर्थातच मेट्रनच्या खोलीत जावं लागलं. मेट्रन म्हणजे सगळ्या सिस्टरांवरची बाई, आणि तिची आठी अशी, की तिच्यापुढे सिस्टरची आठी म्हणजे इस्त्रीची घडी. तिने सगळं ऐकलं. मधे एकदा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि तिचे खांदे हलले, पण परत वळली तेव्हा चेहरा दगडी होता.

"सिस्टर, या खुर्चीत मी काही काल बसले नाही," ती म्हणाली. "पेशंटच्या माणसांना मराठीत काहीही सांगायला जा. गेले म्हणा, नेलं म्हणा, हलवलं म्हणा, उचललं म्हणा, सगळं एकाच ठिकाणी जाऊन पोचतं. म्हणून तो एक परका शब्द आपण ठेवलाय. त्याला कुणी घाबरत नाही. फोनवर तोच वापरायचा. कळलं?"

"हो मॅडम."

"आणि त्या घरच्या लोकांची नीट माफी मागा. माझ्यासमोर."

माफी मागून झाली. सुनेने उलट सिस्टरचाच हात हातात घेतला, कारण तिच्या मते त्या बापलेकांचं इतकं बोलणं तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं होतं. आत्यांनी मात्र माफ केल्याचं सांगितलं नाही. त्या फोनवर होत्या आणि कुणाला तरी पटवून देत होत्या की भाऊ खरंच जिवंत आहे.

दोनला थोडा वेळ उरला होता. आजोबांच्या खाटेपासून सिस्टर पर्स घ्यायला वर निघाली, तर खाली आलेल्या मावशी आडव्या आल्या. "निकाल राहिला ना! दिवसभरात एकदाही नाही म्हणाल्या. माणूस मेला, पण शब्द नाही आला. सिस्टर जिंकल्या."

"मेला नाही," आजोबा खाटेवरून म्हणाले.

"तेच ते. उठा आता."

आजोबांनी वॉकरकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. दिलेला शब्द मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सिस्टरने एका बाजूने दंड धरला, मुलाने दुसऱ्या. आजोबा उठले तेव्हा ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. पहिलं पाऊल टाकताना त्यांनी एक शब्द उच्चारला, जो रेडिओवर त्यांनी कधीच उच्चारला नसता. दुसऱ्याला काही बोलले नाहीत. दारापर्यंत पोचले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या, दोन्ही हात प्लास्टरात असलेल्या माणसाने पाय आपटून दाद दिली.

"परत जायचं का?" सिस्टरने विचारलं.

"थांबा," आजोबा धापा टाकत म्हणाले. "इथून कॉरिडॉर दिसतो. जरा बघू द्या."

पुढच्या आठवड्यात ते मुलाकडे गेले. पायऱ्या नाहीत म्हणून गेलो, असं ते सगळ्यांना सांगत. आपल्या घराची किल्ली मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही, आणि मुलाने मागितलीही नाही.

पैजेच्या त्या दिवशी संध्याकाळी सिस्टरने घरी सगळी हकीकत सांगितली. नवरा पोट धरून हसला. सासूबाईही हसल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण चष्मा परत लावल्यावर त्यांनी पुन्हा विणकाम उचललं.

सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन बसली. हॉस्पिटलात तिला शब्द कधी अडत नसत, इथे अडले. "आई, आम्ही तुम्हाला विचारलंच नाही. नव्या घरी आमच्याबरोबर राहायला याल?"

"आणि नाही म्हटलं तर?"

नवऱ्याने तोंड उघडलं, सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, त्याने मिटलं. "तर पुन्हा बसून बोलू," ती म्हणाली. "मी काहीतरी ठरवून आलेय असं नाही."

सासूबाईंनी एक ओळ विणून पूर्ण केली. "मी ते घर बघितलंय कुठे? तुम्ही दोघं जाऊन आलात. रंगवाला जाऊन आला. तो मापं घेणारा सुतारसुद्धा जाऊन आला. मी काय फोटोवरून सांगू?"

नवरा खजील झाला. आईचे गुडघे दुखतात, तिला कशाला त्रास, असं त्याला वाटलं होतं. लिफ्ट आहे हे त्याने सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं. त्या लिफ्टमध्ये बसायला मात्र आईला कधी नेलं नव्हतं.

रविवारी तिघं नवं घर बघायला गेली. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. सासूबाईंनी आधी प्रत्येक नळ उघडून बघितला आणि न्हाणीघरातला एक ठिबकतोय असं जाहीर केलं. ओटा उंच आहे म्हणाल्या. मग खोल्या बघितल्या. मागची खोली दाखवत नवरा म्हणाला, "ही तुझी. शांत आहे बघ."

"शांत घेऊन काय करू? दिवसभर तुम्ही दोघं घरात नसता." त्या पुढच्या खोलीत गेल्या. तिची खिडकी रस्त्यावर उघडत होती. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, पलीकडे एक बाई खालच्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. सासूबाईंनी गजांना धरून बराच वेळ पाहिलं. त्या बाईनेही वर पाहिलं. "नवीन का?" तिने खालून विचारलं.

"ठरलं नाही अजून," सासूबाई म्हणाल्या. "पाणी किती वाजता येतं हो इकडे?"

पुढची दहा मिनिटं पाण्यात गेली, मग दूधवाल्यात, मग त्या बाईच्या मुलीच्या परीक्षेत. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्या पुढच्या खोलीत त्याने आपल्या टेबलाची जागा मनात कधीच पक्की केली होती. त्याने सिस्टरकडे आशेने पाहिलं. सिस्टर छताकडे बघत होती.

"चहा हवा बाई," सासूबाई वळून म्हणाल्या. गॅस नव्हता, भांडं नव्हतं. नवरा मुकाट्याने खाली गेला आणि कागदी कपांतून तीन चहा घेऊन आला. तिघं फरशीवर बसली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"छे, हा काय चहा म्हणायचा. इथे गॅस आधी आणा. बाकीचं मागून आलं तरी चालेल."